घरच्या घरी कोल्ड ब्रू कॉफी: मिक्सर, फडकं आणि एक रात्र एवढ्यात होतं

सगळ्यात आधी घरातलं कॉफीचं पाकीट उलटं करा आणि मागं बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. "कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के" असं काहीतरी दिसलं तर ते पाकीट सकाळच्या गरम कॉफीसाठी ठेवा, कोल्ड ब्रूला, म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेल्या कॉफीला, ते चालायचं नाही. आपल्याकडं कॉफीत ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी मिसळायला परवानगी आहे आणि किती मिसळलीय ते पाकिटावर लिहावंच लागतं, त्यामुळं दोन मिनिटं वाचलं की कळतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. गरम दुधात ती रंग देते, दाटपणा देते, तिथं ती छानच लागते, पण थंड पाण्यात रात्रभर भिजली की पाणी काळंकुट्ट आणि जडसर होतं, चव कडवट उतरते आणि गाळताना फडक्यातून थेंब पडता पडत नाही. इन्स्टंट कॉफीचा तर इथं प्रश्नच येत नाही, ती आधीच काढून सुकवलेली कॉफी असते, पाण्यात सगळी विरघळून जाते, भिजवून गाळायला मागं काही उरतच नाही.

म्हणजे पाकिटावर "१०० टक्के कॉफी" पाहिजे, चिकोरी शून्य. हे एक झालं. दुसरं म्हणजे जाडसर दळण आणि तिसरं म्हणजे शांतपणे गाळणं. माझं स्पष्ट मत आहे की कोल्ड ब्रू या तीन गोष्टींवर उभी आहे, बाकी पाणी थोडं कमीजास्त झालं, दोन तास इकडंतिकडं झाले तर फार काही बिघडत नाही. महागडी भांडी, जाळीवाल्या बाटल्या, खास मशीन यातलं काहीही सुरुवातीला घेऊ नका. आपल्या स्वयंपाकघरात मिक्सर आहे, चाळण आहे, पातेलं आहे, फडकं आहे, फ्रीज आहे, झालं की मग.

आता ही आणि आपली नेहमीची कोल्ड कॉफी यात फरक काय ते सांगतो, कारण बरेच जण दोन्ही एकच समजतात. कोल्ड कॉफी म्हणजे इन्स्टंट पावडर, दूध, साखर, बर्फ मिक्सरला फिरवून वर आइस्क्रीमचा गोळा. आइस्ड कॉफी म्हणजे गरम पाण्यात कॉफी काढून ती बर्फावर ओतलेली. आणि कोल्ड ब्रूत गरम पाण्याचा संबंधच नाही, जाड दळलेली कॉफी साध्या किंवा थंड पाण्यात १२ ते २४ तास भिजत ठेवायची आणि मग गाळून घ्यायची. गरम पाणी जे काम चार मिनिटांत करतं ते थंड पाणी रात्रभर करतं, फक्त सगळंच्या सगळं ओढून काढत नाही. कॅफिन बऱ्यापैकी उतरतं, गोडवा आणि चॉकलेटसारखी चव उतरते, पण आंबट आणि कडवट चव देणारे बरेच घटक चोथ्यातच राहतात, म्हणून ती जिभेवर मऊ लागते आणि बिनसाखरेची पण पिता येते.

इथंच एक गैरसमज पण काढून टाकू. "कोल्ड ब्रूने अ‍ॅसिडिटी होत नाही" असं सर्रास सांगितलं जातं. २०१८ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात गरम आणि थंड दोन्ही कॉफीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, मोजला तर जवळपास सारखाच निघाला, साधारण ४.८५ ते ५.१३. एकूण आम्लांचं प्रमाण मात्र गरम कॉफीत जास्त होतं. म्हणजे चवीला ही सौम्य हे खरंच आहे, पण ज्याला पित्ताचा त्रास आहे त्यानं उपाशीपोटी मोठा ग्लास रिचवून बघू नये. एकादशीला दिवसभर काही न खाता कॉफीवर काढणारी माणसं आपल्या घरोघरी असतात, त्यांना हे मुद्दाम सांगा.

कॉफी कुठली घ्यायची

कोल्हापूरकरांना एक सोय आहे, कर्नाटक आपल्या दारात आहे. कागल ओलांडलं की आलंच. आणि भारतातली साधारण ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, चिकमगळूर, कोडगू (म्हणजेच कूर्ग), हासन या पट्ट्यात. सतराव्या शतकात बाबा बुदान मक्केहून परत येताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं परंपरेनं सांगतात, त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. तर कुणी पाहुणे कूर्ग-चिकमगळूरला फिरायला निघाले असतील तर त्यांना पाव किलो बिया आणायला सांगा, फक्त "पावडर नको, बिया आणा, चिकोरी नको" हे दोनदा सांगा कारण तिथल्या दुकानात फिल्टर कॉफी म्हटलं की चिकोरी घालूनच दळून देतात. नाहीतर ऑनलाइन मागवा, आता भरपूर रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारे, घरपोच पाठवतात.

पाकिटावर दोन नावं दिसतील, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका सुगंधी आणि हलकी. रोबस्टा कडक, दाट, आणि तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट. आपल्या देशात रोबस्टाच जास्त पिकते. पहिल्यांदा करताय तर शुद्ध अरेबिका, मिडियम किंवा मिडियम-डार्क रोस्ट घ्या. अगदी हलकी भाजलेली कॉफी थंड पाण्यात नीट उतरत नाही, पाणचट लागते. खूप काळी भाजलेली घेतली तर जळकट वास येतो. मॉन्सून्ड मलबार म्हणून एक प्रकार मिळतो, त्यात हिरव्या बिया पश्चिम किनाऱ्यावरच्या पावसाळी दमट वाऱ्यात मुद्दाम काही आठवडे पसरून ठेवतात, त्या फुगतात, फिकट पडतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ जातो. ज्यांना आंबट कॉफी अजिबात आवडत नाही त्यांनी ही घ्यावी, दुधात तर एकदम भारी लागते.

रोस्टची तारीख बघून घ्या. भाजल्यापासून महिना-दीड महिन्याच्या आतली बरी. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवा एवढी ओली असते की उघडं पाकीट चार दिवसांत सादळतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजबाहेर, अंधाऱ्या कपाटात ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलं की आदल्या दिवशीच्या तांबड्या रश्श्याचा वास कॉफीला लागलाच म्हणून समजा.

दळण

हे नीट वाचा, कारण कॉफी इथंच घडते आणि इथंच बिघडते.

कॉफी जाडसर पाहिजे, लापशी रव्याएवढी. चिमटीत घेतली तर कण वेगवेगळे बोटाला टोचले पाहिजेत. पिठासारखी झाली तर दोन गोष्टी होतात, एक म्हणजे पाण्यात कडवटपणा जास्त उतरतो आणि दुसरं म्हणजे गाळताना बारीक गाळ फडक्याची छिद्रं बुजवून टाकतो. ऑनलाइन मागवताना ग्राइंड साइज विचारतात, तिथं "कोल्ड ब्रू" किंवा "फ्रेंच प्रेस" निवडा, मग दळायची भानगडच नाही, नवीन माणसानं पहिलं पाकीट असंच घ्यावं असं मी सांगीन.

बिया आणल्या असतील तर मिक्सर. पण भांडं कुठलं घेताय ते बघा! ज्या भांड्यात कांदा-लसूण मसाला नाहीतर शेंगदाण्याची चटणी फिरते त्या भांड्यात कॉफी दळली तर कॉफीला लसणाचा वास लागणार, कितीही घासलं तरी झाकणाच्या रबरात तो वास बसलेला असतो. शक्यतो छोटं चटणीचं भांडं यासाठी वेगळं ठेवा. ते जमत नसेल तर रबर काढून सोड्यानं धुवा, उन्हात वाळवा, मग मूठभर कोरडे तांदूळ फिरवून ते फेकून द्या आणि कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, बराचसा वास जातो.

एकदम सगळ्या बिया घालू नका. ५० ग्रॅम घाला आणि मिक्सर सलग चालवू नका, उलट्या बाजूला पल्स असतो तो एक-दोन सेकंद दाबायचा आणि सोडायचा, भांडं हातात उचलून हलवायचं, परत दाबायचं. असं सात-आठ वेळा. सलग फिरवलं तर पातं तापतं, खालचं पीठ होतं आणि वर अख्ख्या बिया तशाच राहतात. झाल्यावर मैद्याच्या चाळणीतून चाळून घ्या. खाली जी बारीक पूड पडेल ती बाजूला काढा, ती टाकायची नाही, स्टीलच्या फिल्टरमध्ये गरम कॉफीला वापरायची. चाळणीवर जे जाडसर राहिलं ते आपल्या कामाचं. हे चाळणं कंटाळवाणं वाटतं पण मिक्सरवर दळलेल्या कॉफीला याला पर्याय नाही, एकदा चाळून आणि एकदा न चाळता करून बघा, ग्लासात फरक दिसतो.

पाणी आणि प्रमाण

कॉफीत बाकी सगळं पाणीच असतं, म्हणून पाणी चवीला चांगलं पाहिजे. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर उकळून गार करून घ्या. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांनी कॉफी बेचव आणि खडूसारखी लागते. आरओचं चालतं, फक्त काही मशीन पाणी इतकं पातळ करतात की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, २०-३० वर येतो, अशा पाण्यात कॉफी सपक होते, तेव्हा निम्मं आरओ आणि निम्मं उकळून गार केलेलं नळाचं असं मिसळा. कॉफीसाठी साधारण ७५ ते २५० टीडीएस चांगला धरतात.

प्रमाण सोपं आहे, १०० ग्रॅम कॉफीला ८०० मिली पाणी. वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर जाड दळलेल्या कॉफीची एक सपाट वाटी आणि तशाच तीन वाट्या पाणी, थोडं इकडंतिकडं होईल पण जवळपास येतं. यातून जे निघतं ते कॉन्सन्ट्रेट, म्हणजे कडक अर्क, पिताना त्यात तेवढंच पाणी किंवा दूध घालायचं. चोथा आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिऊन बसतो, म्हणून ८०० मिली घातलं तरी हातात ६०० मिलीच्या आसपास येतं, गळालं कुठं म्हणून घाबरू नका.

भांडं काचेची बरणी किंवा स्टीलचं झाकणाचं पातेलं. अ‍ॅल्युमिनियम नको, आणि लोणच्याची बरणी कितीही धुतलेली असली तरी नको.

भिजत घालणं

बरणी गरम पाण्यानं धुऊन कोरडी करा. कॉफी घाला. मग सगळं पाणी एकदम ओतायचं नाही, आधी वाटीभर घाला आणि लाकडी डावानं हलवून सगळी कॉफी ओली करून घ्या, कोपऱ्यात कोरडी पूड राहायला नको. ताजी कॉफी असेल तर बारीक बुडबुडे येतात आणि वास असा सुटतो की बाहेरच्या खोलीतली माणसं काय करताय विचारायला येतात. मग उरलेलं पाणी हळूहळू ओता. आता बघा, पाच-दहा मिनिटांत कॉफी वर येऊन भाकरीच्या पापुद्र्यासारखा एक थर धरते, खाली पाणी आणि वर कोरडसर कॉफी. हा थर डावानं हलकेच दाबून परत पाण्याखाली घालायचा, फेटायचं नाही, नुसतं वरून खाली घ्यायचं. हे एकदा केलं की पुरे, मग झाकण लावा आणि विसरून जा.

किती वेळ, तर ते महिन्यावर आहे. डिसेंबर-जानेवारीत ओट्यावर ठेवलं तरी चालतं, १४ ते १६ तास. एप्रिल-मे मध्ये पारा ३८-४० ला टेकतो तेव्हा बाहेर ठेवू नका, सरळ फ्रीजमध्ये ठेवा आणि १८ ते २४ तास द्या. गारव्यात हळू उतरते म्हणून वेळ जास्त लागतो पण खराब व्हायची भीती राहत नाही. पावसाळ्यात पण मी फ्रीजच सांगीन. २४ तासांच्या पुढं नेऊ नका, लाकडासारखी तुरट चव यायला लागते. माझ्या मते सगळ्यात सोयीचं म्हणजे रात्री जेवणं आटोपली की भिजत घालायची, फ्रीजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाळायची.

गाळणं

इथं घाई केली की सगळी मेहनत पाण्यात, म्हणून अर्धा-पाऊण तास मोकळा असेल तेव्हाच गाळायला बसा.

बरणी फ्रीजमधून काढली की हलवू नका. आधी चहाच्या स्टीलच्या गाळणीतून वरचं पाणी अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता आणि चोथा शेवटी येऊ द्या. चोथा गाळणीत पडला की चमच्यानं दाबायचा मोह होतो, दाबू नका. त्यात जे शेवटचं पाणी असतं ते कडवट आणि गढूळ असतं, चार चमचे जास्त मिळवायच्या नादात सगळी बरणी खराब होते. नुसतं निथळत ठेवा.

मग फडकं. मलमलचं किंवा धुतलेल्या सुती पंचाचं चालतं, पण श्रीखंडाचा चक्का बांधायचं फडकं घेऊ नका, त्यात आंबूस वास असतो. कॉफीला एक फडकं कायमचं वेगळं ठेवा. नवीन असेल तर आधी एकदा उकळत्या पाण्यात घालून खळ काढून टाका. फडकं साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या, चार पदरी करा, मोठ्या गाळणीवर पसरा आणि कॉफी थोडी थोडी ओता. पहिला वाटीभर भाग झरझर उतरतो, मग वेग कमी होतो, आणि मग थेंब थेंब. फडक्यावर चिखलासारखा मऊ तपकिरी थर बसलेला दिसेल. उतरायचं थांबलं की फडकं पिळायचं नाही, उरलेली कॉफी परत बरणीत घ्या, फडकं नळाखाली उलटं धरून धुवा, परत पसरा आणि पुढं चालू करा. दोनदा-तीनदा धुवावं लागतं.

एवढ्यावर पण थांबलं तर चालतं. पण ज्यांना अगदी स्वच्छ, काचेतून आरपार लालसर दिसणारी पाहिजे त्यांनी गाळलेली कॉफी दोन तास फ्रीजमध्ये न हलवता ठेवावी, बारीक गाळ तळाला बसतो, मग वरची निवळ हळूच दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यायची आणि तळातला दोन बोटं भाग सोडून द्यायचा. कागदी फिल्टर मिळाला तर तो शेवटी वापरा, सुरुवातीलाच वापरला तर पाच मिनिटांत तुंबतो.

चोथा सिंकमध्ये टाकू नका, पाइप चोंदतो. वाळवून कुंड्यांच्या मातीत थोडा थोडा मिसळा किंवा कंपोस्टमध्ये घाला.

प्यायची कशी

आधी एकदा नुसती प्या, म्हणजे आपण काय केलंय ते कळतं. ग्लासात बर्फ, १०० मिली अर्क, १०० मिली गार पाणी. साखर नको, काही नको. कडक वाटली तर पाणी वाढवा.

गोड पाहिजे असेल तर साखर घालू नका, थंडात ती विरघळत नाही, तळाला बसते. इथं आपल्या कोल्हापूरकडं जे आहे ते दुसरीकडं सहजी मिळत नाही, काकवी! गूळ व्हायच्या आधीचा उसाचा दाट रस, आधीच पातळ असल्यामुळं थंड कॉफीत दोनदा चमचा फिरवला की मिसळून जातो, आणि भाजलेल्या कॉफीला त्या काकवीची खमंग गोडी जी लागते ती कुठल्याच बाटलीबंद सिरपला येत नाही. ग्लासाला एक लहान चमचा पुरतो. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली की ताजी काकवी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. काकवी नसेल तर १०० ग्रॅम गूळ १०० मिली पाण्यात गरम करून विरघळवा, गाळून गार करा, तेच काम होतं.

दुधाची घ्यायची तर म्हशीचं दूध, उकळून पूर्ण गार केलेलं, साय काढून. म्हशीच्या दुधात फॅट जास्त असल्यामुळं कॉफी पातळ पडत नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यायला भारी पण इथं कच्चं दूध वापरू नका, उकळलेलंच घ्या. अर्धा ग्लास दूध, अर्धा ग्लास अर्क, चमचाभर काकवी आणि वरून किसणीवर जायफळ दोनदा ओढायचं. घरातल्या ज्या मोठ्या माणसांची कॉफी म्हणजे उकळलेलं दूध, वेलची आणि जायफळ, त्यांना कोल्ड ब्रूची ओळख करून द्यायची तर याच ग्लासानं करून द्या, आमच्या घरी काकूंना अशीच आवडली आणि आता त्या स्वतः फडकं धरायला बसतात.

शहाळ्याचं पाणी हा आणखी एक प्रकार. गार शहाळ्याचं पाणी दीडशे मिली आणि वरून ५० मिली अर्क हळूच सोडायचा, दूध नको, गोड नको. उन्हातून आल्यावर याच्यासारखं दुसरं काही नाही. साधा सोडा आणि लिंबाची चकती घालून पण होते, फक्त सोडा आधी आणि कॉफी नंतर ओता, उलटं केलं तर फेस ग्लासाबाहेर येतो. बर्फ लवकर वितळून कॉफी पातळ होते असं वाटत असेल तर थोडी कॉफी बर्फाच्या ट्रेमध्येच गोठवा.

आणि हो, ही गरम पण पिता येते. जुलैच्या पावसात अर्कात तेवढंच उकळतं पाणी घाला, मऊ काळी कॉफी मिनिटात तयार. अर्क गॅसवर उकळू मात्र नका.

किती प्यायची, किती दिवस ठेवायची

चवीला मऊ आहे म्हणून हलकी समजू नका. अरेबिकाच्या १०० मिली अर्कात अंदाजे १०० ते १५० मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं, रोबस्टा असेल तर त्याहून खूप जास्त. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात, गरोदर बाईला २०० पर्यंत. म्हणजे दिवसाला दोन ग्लास भरपूर झाले, आणि संध्याकाळी पाचनंतर नको, नाहीतर झोप उडते. लहान पोरांना देऊ नका. बीपी किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून मगच.

अर्क स्वच्छ उकळलेल्या काचेच्या बाटलीत, घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये सात दिवस चांगला राहतो. पाणी मिसळलेली दोन-तीन दिवसांत संपवा, दूध घातलेली त्याच दिवशी. इथं उकळणं कुठंच नाही, त्यामुळं भांडी, फडकं, हात स्वच्छ पाहिजेत हे मनापासून सांगतो. गाळलेली बाटली ओट्यावर रात्रभर राहिली, वर पांढुरकी साय दिसली किंवा आंबूस वास आला तर चव घेऊन बघू नका, ओतून टाका. फडकं साबणाशिवाय गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं, दमट फडकं घडी करून ठेवलं की पुढची बाटली कुबट लागते.

बिघडली तर

पाणचट झाली तर पुढच्या वेळी चार तास जास्त भिजवा, तरी नाही जमली तर कॉफी १०० च्या जागी १२० ग्रॅम घ्या. कडवट आणि घसा धरणारी झाली तर दळण बारीक झालंय, किंवा चोथा दाबलाय, किंवा रोस्ट फार काळा आहे. आंबट आणि रिकामी लागली तर रोस्ट फार हलका आहे किंवा वेळ कमी पडला. गढूळ झाली तर चाळलं नाही. चव एकदम मेलेली, पुठ्ठ्यासारखी लागली तर कॉफी जुनी आहे, तिथं काही उपाय नाही, नवीन पाकीट आणा. एका वेळी एकच गोष्ट बदला, दळण आणि वेळ दोन्ही एकदम बदललं तर कशानं सुधारली ते कळत नाही. पाकिटावर पेनानं तारीख, ग्रॅम आणि तास लिहून ठेवायची सवय लावा.

पाहुणे येणार असतील तर पाव किलोचं अख्खं पाकीट दोन लिटर पाण्यात घाला, दीड लिटर अर्क निघतो आणि पंधरा ग्लास आरामात होतात. फक्त एवढ्यासाठी फडकी दोन ठेवा, एक तुंबलं की दुसरं लावायला, आणि गाळायला सकाळीच बसा म्हणजे दुपारपर्यंत बाटल्या गार होतात.